चाकाला धरणारा हात

संसारांत ज्या वस्तूंविषयीं घरांतील प्रत्येकास स्वतंत्र मत असतें, अशा वस्तूंत मोटार ही अलीकडे अग्रस्थानीं येऊन बसली आहे. तिचा रंग कोणता असावा, मागील आसनावर तीन माणसें ऐसपैस बसतील कीं नाहीं, लग्नाला निघालें असतां आहेराचें सामान डिक्कींत मावेल कीं मांडीवर घ्यावें लागेल, यांवर भोजनोत्तर तासतासभर चर्चा होते. परंतु त्याच मोटारीच्या पोटाखालीं, चिखलानें माखलेले व कोणाच्याही दृष्टीस न पडणारे जे भाग असतात, आणि ज्यांच्या भरंवशावर आंत बसलेलीं माणसें घरीं परत येतात, त्यांविषयीं कोणासच मत नसतें. मिस्त्री सांगेल तें आणावयाचें, दुकानदार देईल तें घ्यावयाचें, आणि बिल पाहून उसासा टाकावयाचा, एवढाच आपला अधिकार! गेल्या पावसाळ्यानंतर मात्र आमच्या घरीं असा प्रसंग आला कीं, आठ-दहा दिवस सारें कुटुंब लोखंडाच्या एका वांकड्या तुकड्याविषयीं बोलत होतें. आमचें स्वतःचें आयुष्य व्याकरण शिकविण्यांत गेलें; यंत्रांशीं आमचा संबंध पंख्याचें बटण दाबण्यापुरता. तरीहि जें पाहिलें व समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण जुनी गाडी बाळगणारीं घरें आमच्यासारखीं पुष्कळ आहेत.

आमची गाडी म्हणजे २००७ सालची मारुती स्विफ्ट. ती तीर्थरूप अण्णांनीं पोस्टांतील ठेव मोडून घेतली. २०२२ सालीं तिला पंधरा वर्षें पुरीं झालीं, तेव्हां ती विकावी कीं नोंदणी पुढें चालवावी हा प्रश्न निघाला होता. त्याच वर्षाच्या एप्रिलपासून नूतनीकरणाचें शुल्क पांच हजार रुपये झालेलें. शिवाय हरित कर निराळा. आमचे वडील बंधू दादा हे घराचे हिशेबनीस. त्यांनीं गाडी मोडींत काढण्याच्या बाजूनें बरेंच भाषण केलें. परंतु त्या गाडीच्या पुढच्या आसनावर कसें बसावें, उठतांना हात कोठें टेकावा, पाय कोणता आधीं काढावा, हें अण्णांच्या देहास पाठ होऊन गेलेलें. नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली, आणि तें योग्यच झालें. कारण पुढें अण्णांचीं मूत्रपिंडें थकलीं, आणि मंगळवार, गुरुवार व शनिवार असे आठवड्यांतून तीन दिवस त्यांना डायलिसिससाठीं नेणें भाग पडलें. एका बैठकीस चार तास लागतात. नेण्या-आणण्याचें काम आमच्या वहिनी करतात. दादांना मोतीबिंदूमुळें संध्याकाळीं दिसत नाहीं, आम्हांस गाडी चालवितां येत नाहीं, आणि पुतणी कॉलेजांत असते. सिंहगड रस्त्यावरून जातांना नऊ व येतांना नऊ किलोमीटर, असा हा वहिनींचा नेम आहे.

गाडीचें दुखणें अर्थातच प्रथम त्यांच्याच ध्यानांत आलें. गतिरोधकावरून पुढचीं चाकें खालीं उतरलीं कीं डाव्या बाजूस ‘टक्’ असा एक कोरडा आवाज होई. दादांनीं तो आवाज डिक्कींतील पान्याचा असल्याचें ठरविलें. पाना काढून ठेवला. आवाज तसाच राहिला. पुढें वहिनी म्हणूं लागल्या कीं, ब्रेक दाबला म्हणजे गाडी किंचित् डावीकडे ओढ घेते आणि ब्रेक सोडला म्हणजे पुन्हां सरळ होते. ही गोष्ट त्यांनीं दोन वेळां सांगितली व दोन्ही वेळां ती रस्त्याच्या उतारावर घालण्यांत आली. आमची पुतणी यंत्रविद्येच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. तिनें एके रविवारीं स्टिअरिंग पुरतें वळवून पुढच्या टायरवरून हात फिरविला, तों आंतली कड बाहेरच्या कडेपेक्षां स्पष्ट अधिक झिजलेली. “काकूबाईंच्या तक्रारींत तथ्य आहे,” असें ती आपल्या आईविषयीं मोठ्या गंभीरपणें म्हणाली. दुसऱ्या दिवशीं गाडी मिस्त्रींकडे गेली.

आतां हा भाग कोणता व तो करतो काय, हें सांगितलें पाहिजे. चाक गाडीस जोडलेलें तर असलें पाहिजे, पण पक्कें जोडलेलें असतां कामा नये. बैलगाडीचें चाक आंसावर बसविलेलें असतें. चाक दगडावर चढलें कीं सारी गाडी चढते आणि आंतील माणसांचीं हाडें खिळखिळीं होतात. मोटारीच्या पुढच्या चाकानें वर-खालीं मोकळेपणानें जावें, डावीकडे-उजवीकडे वळावें, परंतु पुढें-मागें किंवा आंत-बाहेर एक रेसभरहि सरकूं नये, अशी अपेक्षा असते. जत्रेंत नातवाचें मनगट धरून चालणारी आजी मुलाला उड्या मारूं देते, पण गर्दींत सुटून जाऊं देत नाहीं. मोटारींत हें काम ज्या लोखंडी हाताकडे असतें त्याला आपल्याकडे सर्वत्र ‘लोअर आर्म’ म्हणतात.

खालचा हात आहे तर वरचा कोठें, असा प्रश्न आमच्या व्याकरणी बुद्धीस पडला. जुन्या प्रीमियर पद्मिनीला वर एक व खालीं एक असे दोन हात प्रत्येक पुढच्या चाकास असत. परंतु अर्ल मॅक्फर्सन नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकत्र करून त्या उभ्या खांबासच वरच्या हाताचें काम दिलें. इंग्लंडांतील फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांना १९५० सालीं ही रचना मिळाली. आज लहान गाड्यांत बहुधा तीच असते. हींत जागा वांचते व खर्चहि वांचतो. गाडीचें वजन त्या उभ्या खांबावाटे चाकावर जातें, आणि चाक खालीं धरून ठेवण्याचें ओझें एकट्या लोअर आर्मवर पडतें.

हा आर्म इंग्रजी ‘एल्’ अक्षराच्या आकाराचा, पत्रा दाबून व जोडून केलेला असतो. गाडीच्या बाजूस त्याचीं दोन टोकें, आणि त्या दोहोंत रबरी बुश. चाकाच्या बाजूस एक टोक, आणि तेथें बॉल जॉइंट. ‘जॉइंट’ म्हणजे संधि; आमचा जन्म संधि सोडविण्यांत गेला, पण असा संधि आम्हीं कधीं पाहिला नव्हता. आपल्या खांद्याच्या उखळींत हाडाचा गोळा फिरतो, तसा पोलादी गोळा वाटींत फिरतो. भोंवतीं ग्रीस, आणि वर रबराची टोपी. ही टोपी फाटली कीं चिखल-पाणी आंत जातें, ग्रीस धुपून जातें, गोळा गंजतो, वाटी झिजते. आणि फारच दुर्लक्ष झालें तर एखाद्या दिवशीं गोळा वाटींतून निसटून चाक बाहेर आडवें पडतें. त्या वेळीं गाडी ज्या वेगांत असेल त्यावर पुढील सर्व अवलंबून!

बुशाचें काम निराळें. बाहेर लोखंडी नळी, आंत लोखंडी नळी, आणि मधल्या जागेंत दोन्ही नळ्यांस चिकटविलेलें रबर. आर्म वर-खालीं हलतो तेव्हां तें रबर पिळतें व पुन्हां सुटतें. घांसत कांहींच नाहीं. पुढचा बुश चाकाला आंत-बाहेर जाऊं देत नाहीं. मागचा जरा मऊ असतो, खड्ड्याचा व ब्रेकचा धक्का तो सोसतो. ब्रेक दाबतांच रस्ता चाकास मागें ढकलतो. डाव्या बाजूचें रबर फाटलेलें असेल तर तें चाक उजव्यापेक्षां अधिक मागें सरकतें, त्याची दिशा बिघडते, आणि गाडी त्या बाजूस ओढ घेते. वहिनी दोन महिने सांगत होत्या तें हेंच.

मिस्त्रींनीं गाडी जॅकवर घेतली, चाक वरून व खालून धरून हालविलें, आणि टॉमी घालून बुश उचकटून पाहिला. आम्हींहि वांकून पाहिलें. रबरांत बोट जाईल एवढी भेग होती. उजव्या बाजूस भेग लहान, पण बॉलची टोपी तेथेंहि चिरलेली. “सर, दोन्ही बाजू टाका,” मिस्त्री म्हणाले, “एक नवा आणि एक जुना असला तर गाडी पुन्हां एका बाजूला ओढील. ओरिजिनल आणायचा, कीं बाहेरचा, कीं नुसते बुश दाबून देऊं, तें तुम्ही ठरवा.” ठरवावयाचें आम्हीं! विकल्पांचें हें प्रकरण आम्हांस व्याकरणांतील विकल्पांहून कठीण गेलें.

नुसते बुश बदलणें सर्वांत स्वस्त. जुने बुश प्रेसवर दाबून काढावयाचे व नवे बसवावयाचे. परंतु आमच्या गाडींत बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा निघत नाहीं. तो झिजला तर आर्मच बदलावा लागतो. बॉल चांगला असता तर आम्हीं हाच मार्ग धरला असता, आणि ज्यांचा चांगला असेल त्यांनीं खुशाल धरावा. पॉलियुरेथेनचे बुश बसवा, असें पुतणीच्या एका वर्गमित्राचें म्हणणें पडलें. तें द्रव्य रबराहून कठीण व टिकाऊ. चाक अगदीं ताठ धरून ठेवतें, म्हणून शर्यतीचे शौकीन तें पसंत करतात. पण तें रस्त्याचा प्रत्येक खडा आंत कळवितें, आणि वेळच्या वेळीं ग्रीस न मिळाल्यास कुरकुरतें. चार तास सुया टोंचून घेऊन परत येणाऱ्या वृद्धाला प्रत्येक खडा कळविण्याची आवश्यकता नव्हती. भंगारांतील गाडीचा आर्म आणावा, ही सूचना दादांची. कुर्ल्याच्या बाजारांत असा माल मिळतो हें खरें. पण रबर जसें वापरानें मरतें तसें वयानेंहि मरतें. अठरा वर्षांच्या गाडीवरून काढून दुसऱ्या अठरा वर्षांच्या गाडीचें रबर तिला घालणें म्हणजे एका कवळीचे दांत दुसऱ्या कवळीस लावण्यासारखें.

राहिला नवा आर्म. त्यांतहि जाति आहेत. पहिली, गाडीच्या कंपनीच्या खोक्यांत येणारा. दुसरी, जे कारखाने गाड्यांच्या कंपन्यांना असे भाग पुरवितात तेच आपल्या स्वतःच्या नांवानें बाजारांत विकतात तो. मोटारीचे कारखानदार सगळे भाग स्वतः घडवीत नाहींत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एकाच विहिरीचें पाणी दोन घागरींत भरावें व एका घागरीवर कल्हई अधिक असावी, असा हा प्रकार कित्येकदां असतो. तिसरी, कंपन्यांना माल न देणारे, पण आपलें नांव राखून असलेले कारखाने. आणि चौथी, दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्यापासून आमच्या नाना पेठेपर्यंत सर्वत्र मिळणारा, प्लास्टिकच्या पिशवींतला, निनांवी. त्याची किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. याखेरीज एक पांचवी जात आहे ती सर्वांत वाईट: आंत चौथ्या जातीचा माल आणि बाहेर पहिल्या जातीचें खोकें.

नाना पेठेंत आम्ही व पुतणी एक पुरी दुपार हिंडलों. एक वृद्ध दुकानदार भेटले. त्यांनीं गिऱ्हाईक नसल्यामुळें म्हणा, किंवा मुलीचे प्रश्न आवडल्यामुळें म्हणा, दोन आर्म गल्ल्यावर शेजारीं शेजारीं ठेवले, एक नांवाचा व एक निनांवी, आणि “बघा तुम्हींच” म्हणाले. दुरून दोन्ही सारखेच काळे. जवळून पाहतां नांवाच्या आर्मची जोडणीची रेघ एकसारखी, रांगोळीच्या सरावलेल्या बोटांनीं ओढावी तशी. निनांव्याची कोठें जाड, कोठें तुटक, आणि कडेला वितळलेल्या धातूचे थेंब गोठलेले. नांवाच्याचा रंग कोपऱ्या-कोपऱ्यांत, आंतल्या घडींतहि पोहोंचलेला; तो विजेच्या साह्यानें, रंगाच्या कुंडांत बुडवून देतात असें पुतणीनें सांगितलें. निनांव्यावर फवारा मारलेला होता, आणि आंत बोट घालतांच तें तांबूस झालें. हातांत तोललें तर तो हलकाहि लागला. बॉलचा दांडा हातानें फिरविला तेव्हां नांवाचा घट्ट व एकसारखा फिरला. निनांवी प्रथम अडला आणि मग सैल पडला. टोपीचें रबर चिमटींत दाबलें असतां एकाचें मऊपणें परत आलें, दुसऱ्यावर पांढरट सुरकुती राहिली. भोंकांचीं मापें घेण्यास आमच्याजवळ साधन नव्हतें. पण दुकानदार म्हणाले कीं, स्वस्त मालांत खरी फसवणूक तेथेंच असते. भोंक एक-दोन मिलीमीटर सरकलें तर चाकाचा कोन बदलतो, आणि मग अलाइनमेंटवाला कितीहि झटला तरी टायर खाल्लाच जातो.

खोक्याविषयीं त्यांनीं जें सांगितलें तें गृहिणींनीं तर अवश्य ध्यानांत ठेवावें, कारण तें डाळीच्या पुड्यासहि लागू आहे. २०११ च्या वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणें खोक्यावर करणाराचें नांव व पत्ता, तयार झाल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठीं संपर्क छापलेला असला पाहिजे. रबराच्या वस्तूंत वर्ष विशेष पाहावें. खोकें चकचकीत आणि यांपैकीं कांहीं गाळलेलें, असें असेल तर तें खालीं ठेवून द्यावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीं छापलेली किंमत व आतांची किंमत यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हेंहि विचारावें. आम्हीं विचारलें. दुकानदार हंसले आणि खोक्यावर नवी चिठ्ठी लावलेली दाखविली.

त्या रात्रीं घरांत सभा भरली. दादांनीं पाठकोऱ्या कागदावर आंकडे मांडले. त्यांचा मुद्दा अगदींच टाकाऊ नव्हता. गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत. पुढें ती ठेवावयाची कीं नाहीं हें अनिश्चित. औषधोपचाराचा खर्च दरमहा चालूच. जी वस्तु दोन वर्षें वापरावयाची ती दहा वर्षें टिकणारी कशाला घ्यावी? निनांवी आर्म दोन वर्षें जाईल असें एका दुकानदारानें त्यांना फोनवर सांगितलें होतें. पुतणीनें जोडणीची रेघ, रंग, रबर वगैरे सर्व सांगितलें, पण आंकड्यांपुढें रंग फिका पडतो.

अण्णा आपल्या पलंगावरून हें ऐकत होते. ते म्हणाले, “तो स्वस्तातलाच आणा. दोन वर्षं टिकतो ना? पुरे झाला. माझ्याहून जास्त टिकणारी वस्तु माझ्यापायीं कशाला घेतां?”

यावर कोणास कांहीं बोलतां येईना. दादांनीं कागद उलटा ठेवला. आम्हींहि कांहीं शब्द शोधीत होतों. आयुष्यभर शब्दांचाच व्यवहार केला, पण त्या वेळीं एकहि हातीं लागला नाहीं. वहिनी ओट्याशीं उभ्या होत्या. हात पुसत पुसत बाहेर आल्या व अगदीं नेहमींच्या आवाजांत म्हणाल्या, “अण्णा, त्या गाडींत तुम्ही एकटे नसतां. जातांना-येतांना मी असतें. तुम्हांला आंत सोडलं कीं चार तास मी त्याच गाडीनं बँकेंत जातें, भाजीला जातें, पाऊस असला तर हिला कॉलेजांतून आणतें. ब्रेक मी दाबतें. डावीकडे ओढते ती माझ्या हातांत.”

अण्णांनीं थोडा वेळ छताकडे पाहिलें. “मग तुझ्या मापाचा आण,” ते म्हणाले. सभा तेथेंच संपली.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कंपनीच्या खोक्यांतील जोडी घेणें, आणि तोच प्रथम धरला. परंतु आम्ही गेलों त्या दुकानीं उजवा आर्म होता, डावा मागवावा लागणार होता, आणि त्यास तीन आठवडे लागले असते. तीन आठवडे म्हणजे नऊ बैठकी. दरम्यान मिस्त्रींनीं गाडी चालवूं नका असें बजावलेलें, म्हणून मंगळवारची व गुरुवारची फेरी रिक्षांतून झाली. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, माणूस पिळून निघालेला असतो. त्यांत रिक्षाचे धक्के. गुरुवारीं घरीं आल्यावर अण्णा दुपारभर बोलले नाहींत. ताटावरहि बसले नाहींत.

तेव्हां दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातींतून निवड करणें प्राप्त झालें, आणि नाना पेठेंतील ती दुपार उपयोगी पडली. मद्रासची राणे ही कंपनी स्टिअरिंगचे व सस्पेन्शनचे सांधे करणारी म्हणून प्रसिद्ध आहे, जर्मनीच्या ‘झेड्. एफ्.’ कंपनीचे लेमफर्डर व टी. आर्. डब्ल्यू. हे छापहि बाजारांत नांवाजलेले आहेत. यांशिवाय चांगले म्हणावे असे आणखीहि आहेत. पण आमच्या अनुभवावरून वाचकांनीं नांव पाहून खरेदी करूं नये. प्रत्येक कारखाना प्रत्येक गाडीचा भाग करीत नाहीं, आणि ज्याचा बॉल उत्तम त्याचा बुश उत्तम असेलच असें नाहीं. आम्हीं कोणाचा घेतला तें येथें लिहीत नाहीं. हा लेख जाहिरात नव्हे. पुतणीनें जुन्या आर्मवर उठविलेला क्रमांक टिपून आणला होता, तो नव्या खोक्यावरील यादीशीं ताडून पाहिला. त्याच सालच्या त्याच नांवाच्या गाडींतहि पेट्रोलचा व डिझेलचा भाग कधीं कधीं भिन्न असतो. नांव सांगून भाग मागणाऱ्यापेक्षां क्रमांक सांगून मागणारा कमी फसतो. दोन्ही आर्म एकाच कारखान्याचे, एकाच महिन्यांत तयार झालेले घेतले. नटहि नवे घेतले, कारण आपोआप घट्ट धरणारा नट एकदां काढला कीं त्याची पकड पूर्वीची राहत नाहीं. पक्कें बिल मागतांच किंमत थोडी वाढेल असें वाटलें होतें. ती वाढली नाहीं.

बसवितांना एक लहानसा वाद झाला तो सांगण्यासारखा आहे. मिस्त्रींनीं गाडी वर उचलून, चाकें लोंबत असतांनाच बुशांचे बोल्ट कसण्यास आरंभ केला. पुतणी म्हणाली, “काका, हे आतां नुसते हातघट्ट ठेवूं या. गाडी चाकांवर उतरली कीं मग कसूं या.” मिस्त्री तीस वर्षांचे अनुभवी, त्यांनीं पाना थांबवून तिच्याकडे पाहिलें. तिचें म्हणणें असें कीं, बुशाची आंतली नळी बोल्टनें जखडली कीं रबराची विश्रांतीची स्थिति तीच ठरते. चाक लोंबत असतांना जखडली, तर गाडी जमिनीवर उभी असतांना तें रबर रात्रंदिवस पिळलेलें राहणार, आणि नवा बुशहि अल्पावधींत फाटणार. मिस्त्री क्षणभर गप्प राहिले, मग पोऱ्याला म्हणाले, “रॅम्पवर घे रे.” गाडी चाकांवर उभी करून, खालून हात घालून, मापाच्या पान्यानें बोल्ट कसले. काम झाल्यावर त्यांनीं आम्हांस बाजूला घेऊन विचारलें, “मुलगी कुठल्या कॉलेजांत आहे?” त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे.

तेथून गाडी अलाइनमेंटला नेली. आर्म बदलल्यावर ‘टो’, म्हणजे पुढच्या चाकांचीं तोंडें एकमेकांकडे किती कललेलीं आहेत तें, पुन्हां मोजून घ्यावेंच लागतें. तें न करणें म्हणजे नवा चष्मा करून जुन्या नंबराची कांच बसविणें. डावें चाक बरेंच बाहेर पाहत होतें. दुरुस्तीच्या आधींचे व नंतरचे आंकडे असलेला कागद त्यांनीं दिला, तो दादांनीं बिलाशीं टांचून ठेवला.

शनिवारीं वहिनी अण्णांना घेऊन गेल्या. संध्याकाळीं आम्हीं विचारलें, गाडी कशी आहे? “आवाज नाहीं,” त्या म्हणाल्या, “आणि वडगांवच्या उतारावर मुद्दाम जोरानं ब्रेक दाबून पाहिला. सरळ थांबली.” मग भाजी निवडावयास बसल्या.

आतां हजार किलोमीटर झाल्यावर बोल्ट व टोप्या पाहून घ्यावयाच्या आहेत, आणि त्यापुढें प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटीं एकदां. त्या तारखा अण्णांनीं आपल्या डायरींत स्वतःच्या हातानें लिहिल्या आहेत. अक्षर थोडें कांपतें, पण वाचतां येतें. जुना डावा आर्म पुतणीनें कॉलेजांत दाखविण्यासाठीं नेला. उजवा अजून जिन्याखालीं पडला आहे, आणि तो भंगारवाल्यास किती किलोनें द्यावा याची दादा चौकशी करीत आहेत. नोंदणीचें पुढचें नूतनीकरण २०२७ सालीं आहे. तेंहि अण्णांनीं डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेविलें आहे, आणि पुढें कंसांत ‘पैसे बाजूला ठेवणें’ असें लिहिलें आहे.